वस्तीकडचं दार

आंबेटाकळी
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय सुकेशनी,
सप्रेम जयभीम.

उद्घाटनाच्या गर्दीत तू "दादा, नंतर निवांत फोन कर" म्हणालीस आणि गाडीत बसलीस. पण फोनवर तू "साइटवर आहे" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि संपतं. मास्तरला आपलं लिहिलेलंच बरं. चुका सापडल्या तर लाल शाईनं काढून परत पाठव.

तू त्या इमारतीला 'गावघर' नाव दिलंस, पण इथं कुणी तसं म्हणत नाही. सगळे 'हॉल' म्हणतात. राग मानू नकोस, माझंसुद्धा नाव सिद्धोधन आहे आणि अख्खं गाव मला 'शिदू मास्तर' म्हणतं.

आई रोज दुपारी आपल्या बाजूच्या ओट्यावर जाऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते, "माझ्या दिराच्या पोरीनं बांधलंय. सुकेशनीनं. पुण्याला आसती." ऐकणारा वस्तीतलाच असतो, त्यानं तुला लहानपणी चड्डीत पाहिलेलं असतं, तरी आई सांगतेच. आमची संघप्रिया अकरावीचा अभ्यास तिथंच करते. घरात टीव्ही, शेजारी भजी तळण्याचा वास, पोरीला बसायला जागा नव्हती. आता खिडकीपाशी तिची जागा ठरलेली आहे.

आपल्या दाराशी दिवसभर माणसं असतात, गावाकडच्या दाराशीही असतात. कुणाचा कुणाला त्रास नाही.

तुझा,
सिद्धोधनदादा


पुणे
३ मार्च २०२३

प्रिय दादा,
जयभीम.

तुझं पत्र ऑफिसातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. मोठीआईचा भाग दोनदा वाचला.

तुला एक सांगू? त्या इमारतीतलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे वस्तीकडचं दार. आपण लहान होतो तेव्हा वस्तीतून गावाकडे पाहिलं की काय दिसायचं, आठवतं? शाळेची पाठ, चावडीची पाठ, सोसायटीच्या गोदामाची पाठ. एकाही भिंतीला आपल्या बाजूनं साधी खिडकी नव्हती. गोवऱ्या थापायला तेवढ्या त्या भिंती बऱ्या होत्या. मी अख्ख्या गावाच्या पाठी बघत मोठी झाले. वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सरांनी विचारलं, इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे काय? मला खरंच उत्तर येईना.

म्हणून ठरवलं होतं, या गावात एक तरी इमारत आपल्याकडे तोंड करून उभी करायची. गाव आणि वस्तीच्या मधली ती पडीक जागा मिळाली तेव्हा मी रडले होते. दोन्हीकडे सारखंच दार, सारखाच ओटा, सारखीच शहाबादी फरशी. कुणालाही वळसा पडू नये. मध्ये कमरेएवढी पुस्तकांची कपाटं, म्हणजे पुस्तक काढताना अलीकडच्याला पलीकडचा दिसावा. नकाशा घेऊन मी वस्तीत बैठक घेतली, गावात घेतली, आणि दोन्हीकडे लोक पाच मिनिटांत 'हो' म्हणाले. बाकी ठिकाणी एका खिडकीवरून महिना महिना भांडणं होतात. एवढं एकमत मी कुठं पाहिलं नाही.

एक आनंदाची बातमी. इमारतीची एका पुरस्कारासाठी निवड व्हायची शक्यता आहे. एप्रिलमध्ये तिघं परीक्षक बघायला येतील. त्यांना फक्त दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसलेली दिसू देत. तेवढं बघशील ना?

तुझी,
सुकेशनी


आंबेटाकळी
११ मे २०२३

प्रिय सुकेशनी,
जयभीम.

परीक्षक येऊन गेले. चहा झाला, फोटो झाले, एका बाईंनी ओट्यावर बसून आईशी गप्पा मारल्या. हॉल माणसांनी भरलेला होता. गावातली, वस्तीतली, सगळी सतरंजीवर एकत्र बसली होती. भागवतनं, म्हणजे आपल्या उपसरपंचानं, गावाकडचं पाहिलं आणि मी आपल्याकडचं. ती माणसं खूश होऊन गेली.

मागच्या आठवड्यात शेजारच्या कवठाळीचे सरपंच बन्सीधरराव चार लोक घेऊन हॉल बघायला आले होते. टेप लावून दारं मोजली. मला म्हणाले, "लय डोकं लावलं बाईनं."

ऊन फार आहे. संघप्रियाचा निकाल लागला, बरी पास झाली. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे हल्ली ओट्यावर कमी जाते.

सिद्धोधन


पुणे
६ ऑगस्ट २०२३

प्रिय दादा,

मिळाला! पुरस्कार मिळाला! पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या अंकात पानभर फोटो आलाय, परीक्षकांनी त्या दिवशी संध्याकाळी काढलेला. कार्यक्रम संपून माणसं दोन्ही दारांतून बाहेर पडताहेत आणि मागून सूर्य. मी तो मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लावलाय.

आणि याहून मोठी गोष्ट. तालुक्यात आणखी काही गावांत असंच गावघर बांधायची योजना मंजूर होतेय. नकाशा माझाच, जसाच्या तसा. सुरुवात कवठाळीपासून. मी फक्त सही करायची बाकी आहे. दादा, विचार कर, किती वस्त्यांना पहिल्यांदा स्वतःचं दार मिळेल!

आठ सप्टेंबरला इथं समारंभ आहे. तू, वहिनी, मोठीआई, संघप्रिया, सगळ्यांनी यायचंय. भाषणाची सुरुवात मी तुझ्या वाक्यानं करणार आहे: 'कुणाचा कुणाला त्रास नाही.' समतेची याहून साधी व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही.

तुझी,
सुकेशनी


आंबेटाकळी
२० ऑगस्ट २०२३

प्रिय सुकेशनी,
जयभीम.

समारंभाला आम्ही येत नाही. आधी आईच्या गुडघ्यांचं निमित्त लिहिलं होतं, तो कागद फाडला.

माझं ते वाक्य भाषणात घेऊ नकोस.

तुझ्या हॉलला दोन दारं आहेत. गाव गावाच्या दारानं येतं, आपण आपल्या दारानं. पहिल्या दिवसापासून. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. दोन्ही बैठकांत तुला पाच मिनिटांत होकार का मिळाला, ते आता कळलं असेल. तू मध्ये ठेवलेली कपाटं आता शीव झाली आहेत. त्यांची पुस्तकं पलीकडून घेतात, आपली अलीकडून. परीक्षक आले त्याच्या आदल्या दिवशी मी आणि भागवत घरोघर फिरलो. "तासभर मिसळून बसा, सुकेशनीची इज्जत हाय," असं मी स्वतः आपल्या लोकांना म्हणालो. बसले बिचारे. शाळेच्या गॅदरिंगला पोरं बसतात तसे हसत बसले. आणि संपल्यावर उठून आपापल्या दारानं गेले. तुझ्या भिंतीवरचा फोटो तोच आहे.

बन्सीधरराव काय म्हणाले तेही मी अर्धंच लिहिलं होतं. पूर्ण असं होतं: "तंटा न्हाई, बखेडा न्हाई. ज्याचं त्याचं दार. कुणाला न्हाई म्हनायची पाळीच येत न्हाई. लय डोकं लावलं बाईनं."

इतके दिवस मी गप्प होतो. तुझं कौतुक होतंय, त्यात माती कशाला कालवा, असं वाटायचं. खरं सांगू, मला त्या दाराचं सुखही वाटत होतं. कुणाच्या नजरेखालून जायला नको. आपलं दार, आपला ओटा. पण मागच्या सोमवारी संघप्रिया कॉलेजच्या एसटीतून उतरली. स्टँडवरून गावाकडचं दार जवळ पडतं, म्हणून ती तिकडून आत निघाली. ओट्यावर धुरपताबाई बसल्या होत्या, भागवतची आई. तुला माहीत आहेत, वाईट बाई नाही. अगदी मायेनं म्हणाल्या, "पोरी, तुमचं दार तिकडून हाय की. तुझ्या आत्यानंच करून दिलंय न्हवं?"

ती वळसा घालून आली. रात्री जेवताना मला विचारलं, "बाबा, आत्यानं आपल्यासाठी वेगळं दार का केलं?" मी तिला म्हटलं, भाकरी घे.

जुन्या चावडीत कुणी अडवलं असतं तर मी भांडलो असतो, तक्रार केली असती, बाबासाहेबांनी तेवढी ताकद दिली आहे. इथं कुणाशी भांडू? अडवलं कुणी नाही. दार आपल्याच माणसानं दिलंय.

सिद्धोधन


पुणे
२६ ऑगस्ट २०२३

दादा,

सहा महिने! सहा महिने तू गप्प बसलास. माणसं गोळा करून नाटक बसवलंस आणि वर मला परीक्षक खूश होऊन गेल्याचं कळवलंस. तू मास्तर आहेस, मुलांना खरं बोला म्हणून शिकवतोस. मला एक ओळ लिहायला काय झालं होतं? लोक काय करतात ते इमारतीच्या हातात नसतं. दार कुणी कसं वापरायचं ते मी सांगितलं नव्हतं.

सुकेशनी


पुणे
९ सप्टेंबर २०२३

दादा,

मागचं पत्र फाडून टाक.

काल समारंभ झाला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. मंचावर गेले, समोर माझे सर बसले होते, पहिल्या वर्षाला ज्यांनी तो प्रश्न विचारला होता तेच. टाळ्या थांबेनात. मी तुझं वाक्य वगळलं आणि बाकीचं भाषण जसंच्या तसं वाचलं. एवढीच माझी हिंमत झाली. घरी आल्यावर मानचिन्ह पिशवीतून काढलं नाही.

दादा, मला लाज वाटते. चूक झाली याची तर वाटतेच, पण कशी झाली याची जास्त वाटते. गावातल्या कुणी हा नकाशा काढला असता तर मी एका नजरेत ओळखलं असतं. दोन दारं बघून पहिला प्रश्न मीच विचारला असता. पण ते दार मला हवं होतं. कुणीतरी आपल्याकडे तोंड करावं, एवढीच माझी जन्माची भूक. त्या भुकेपोटी मी आपल्याला बाजूला बसवलं आणि वर त्याला समता म्हटलं. फोटो भिंतीवरून काढला. काढायच्या आधी नीट पाहिला. कुठल्या दारातून कोण बाहेर पडतंय, हे मला ओळखता येत होतं, दादा. आधीही येत असणार.

योजनेच्या नकाशावर मी सही केलेली नाही. नवा काढतेय, एकाच दाराचा. आणि ऑक्टोबरमध्ये गावी येतेय. सगळ्यांसमोर गावाकडच्या दारानं आत जाणार, संघप्रियाचा हात धरून. तिला सांग.

सुकेशनी


आंबेटाकळी
१७ ऑक्टोबर २०२३

प्रिय सुकेशनी,

न जेवता गेलीस. आईनं तुझ्यासाठी येसर आमटी केली होती. रात्री ती पातेलं झाकून तशीच बसली होती. पोचल्याचं कळव. मी काही विचारत नाही.

सिद्धोधन


पुणे
५ नोव्हेंबर २०२३

दादा,

तू विचारत नाहीस, पण तू पाहिलंस. आपल्या ओट्यावर उभा होतास.

गाडी मी मुद्दाम गावाकडे लावली. संघप्रिया शेजारी होती, तिनं नवा ड्रेस घातला होता. ओट्यावर धुरपताबाई आणि आणखी दोघी-तिघी. मला बघून त्या उठल्या, "सुकेशनी का गं? लय मोटी झालीस माय," म्हणाल्या, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. समोर दार सताड उघडं. चौकटीचं लाकूड मी स्वतः निवडलेलं. कुणी आडवं नव्हतं. मी म्हणाले, "येते हं." आणि वळले. भिंतीच्या कडेकडेनं चालत वस्तीकडच्या दारानं आत आले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, संघप्रियाचा हात माझ्या हातात नाही. ती तिथंच थांबली होती.

मी कुठल्या कुठल्या परिषदांत बोलून आले. त्या बाईनं मला हाकललं असतं तर मी आत घुसले असते. तिनं माया केली आणि माझे पाय वळले. माझी आई सरकारी आडावर घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी घालीपर्यंत. ती अशीच कडेला उभी असायची. मला वाटायचं, ते सगळं मी शिक्षणानं पुसलं. पोरीसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून जेवले नाही. मोठीआईची माफी माग.

एकाच दाराचा नकाशा मी योजनेच्या ऑफिसला पाठवला होता. परत आला. गावांची मागणी दोन दारांची आहे, म्हणे, ती आंबेटाकळीची जोडी लोकांना पसंत आहे. मी जुना नकाशाही मागे घेतला, माझं नाव काढा म्हणून लिहून दिलं. उत्तर आलं, काही हरकत नाही, असा साधा हॉल कुणीही काढून देईल. दादा, आता मी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, माझी चूक माझ्याशिवाय बांधली जाईल. अजून एक आशा आहे. ग्रामसभेनं एक दार मागितलं तर त्यांना एक द्यावं लागेल. कवठाळीची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे. मी यायला हवं, पण मी कुठल्या तोंडानं येऊ? ते लोक तुला ओळखतात. तू जाशील?

सुकेशनी


आंबेटाकळी
२९ जानेवारी २०२४

प्रिय सुकेशनी,
जयभीम.

गेलो होतो. झेंडावंदन उरकलं आणि शाळेतून थेट कवठाळीला. सभा शाळेच्या पटांगणात होती. गाव खुर्च्यांवर, वस्ती एका बाजूला लिंबाखाली. बन्सीधरराव म्हणाले, "या मास्तर, तुमच्याच बहिनीचं काम हाय." मी उभा राहिलो आणि म्हणालो, दार एकच मागा.

गावाकडचे काही बोलायच्या आधीच लिंबाखालची माणसं उठली. आपली माणसं, सुकेशनी. एक कडूबाई म्हणून आहेत, महिला मंडळाच्या अध्यक्षा, आवाज असा की स्पीकर लाजावा. म्हणाल्या, "तुमच्या बहिनीनं तुमाला दार दिलं, ओटा दिला. आमच्या वक्ताला तुमीच आडवं यायलाव व्हय? आमी काय जनमभर पाठीच बघायच्या?"

शब्दन् शब्द तुझा होता. तू मला मार्चमध्ये जे लिहिलं होतंस ना, तेच ती बाई बोलत होती. मुद्दे लिहून नेले होते, ते खिशातच राहिले. मग मी, जे तुला सहा महिने लिहू शकलो नव्हतो, ते शे-दोनशे माणसांसमोर सांगितलं. संघप्रियाला काय ऐकावं लागलं ते. परीक्षकांसाठी मी माणसं कशी बसवली ते. मी तिला 'भाकरी घे' म्हटलं तेही. मान वर करून बोलता येत नव्हतं, जमिनीकडे बघून बोललो. तुझे पाय वळले, तेही सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, माफ कर.

कडूबाईंनी विचारलं, "मंग पोरगी वळसा घालून आली?"
"आली," मी म्हटलं.
"आन् तुमी कोन्त्या दारानं जाताव?"
"आपल्याच."

त्यांनी पदर कमरेला खोचला. मग खुर्च्यांकडे वळून म्हणाल्या, "सरपंच, लिवा. एकच दार. गावाकडून करा, आमी चालत येऊ. पर येऊ त्याच दारानं."

हात वर करायला सांगितलं तेव्हा लिंबाखालचे सगळे वर झाले. खुर्च्यांवरचे मोजके. बन्सीधररावांनी आधी टाळाटाळ केली, मग बहुमत आहे म्हणून ठराव लिहून घेतला. कवठाळीला एकच दार होईल. बाकीच्या गावांत अजून कुणी गेलेलं नाही.

इथं पत्र संपवलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आता अर्धं लिहायची सवय मोडायची आहे.

तिथून मी ताठ मानेनं निघालो. मोटारसायकलवर स्वतःशीच बोलत होतो. गावात आल्यावर घरी न जाता थेट हॉलपाशी आलो, गावाकडच्या बाजूला. गाडी लावली. धुरपताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला सरकवलं, वाट केली आणि म्हणाल्या, "या की मास्तर. आत या."

खरंच म्हणाल्या. कवठाळीची बातमी माझ्याआधी पोचली होती की त्यांचं त्यांना काही वाटलं, मला माहीत नाही. दारातून आतली संघप्रिया दिसत होती. तू गेल्यापासून ती रोज त्याच दारानं येते, कुणाला न सांगता, कुणाशी न बोलता. पहिले काही दिवस तिच्या शेजारच्या पोरी उठून दुसरीकडे बसायच्या, आता एक बसून राहते. हे तुला लिहायचं राहिलं होतं. तिनं पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी धुरपताबाईंना म्हणालो, "येतो नंतर, जरा काम आहे." आणि घरी आलो.

सुकेशनी, पुढच्या रविवारी ये. पोरगी म्हणते, मी पुढं चालते, तुम्ही दोघं मागून या. एकट्याला मला जमत नाही.

तुझा,
सिद्धोधनदादा